पुढे वाच

आमच्या फ्रीजच्या दारावर बरीच वर्षं एक यादी चिकटवलेली होती. सरांच्या हातात काय पडू द्यायचं नाही, याची. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद, मिक्सरबरोबर आलेली पुस्तिका, वीजबिलाची मागची बाजू आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, लग्नपत्रिका. यातलं काहीही हाती लागलं की सर ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. तोवर चहा गार होई आणि खाली थांबलेला रिक्षावाला कंटाळून निघून जाई. पत्रिका तर ते छापखान्याच्या नावापर्यंत वाचत. 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी सगळी चिल्लीपिल्ली त्यांना नावानिशी पाठ होत. मग मांडवात जाऊन ते त्या पोरांना शोधून काढत आणि सांगत, "बोलावलंस, आलो."

सर आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत. मूळचे नगरकडचे. महाडच्या एका शाळेत मराठी शिकवायला आले आणि तिथूनच निवृत्त झाले. पत्नी लवकर गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. निवृत्तीनंतर ते गावी परत जातील असं मी धरून चालले होते. वरच्या खोल्यांच्या रंगाचा अंदाजही काढून ठेवला होता. सर म्हणाले, "अजून महाड संपलं नाही माझं."

मी आठवडाभर कोर्टाजवळच्या एका वकिलांकडे दस्त टाइप करते आणि रविवारी आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीची चिटणीस असते. दोन्हीकडे काम तेच. लोक बोलतात, आपण वेळेत कागदावर आणायचं. रविवारच्या उपासनेनंतर सर शास्त्राभ्यास घेत. माझ्या कार्यक्रमपत्रिकेत त्याला पाऊण तास होता आणि पुढे 'चहा'. तो चहा कायम उकळून उकळून काढ्यासारखा व्हायचा, त्याला सरांचे दोन शब्द कारणीभूत होते: "पुढे वाच."

नियम साधा होता. वादात कुणीही बायबलातलं वचन काढलं, की त्यानेच उभं राहून त्याच्या मागचं-पुढचं मोठ्याने वाचायचं. सर हात वर करेपर्यंत थांबायचं नाही. आणि सरांचा हात काही लवकर वर होत नसे. एकदा मोशेचं एक वचन काढलं म्हणून आमच्या पंचांपैकी एकाला त्यांनी महिनाभर दर रविवारी थोडं थोडं करून बायबलातलं 'गणना' हे आख्खं पुस्तक वाचायला लावलं होतं. तो पंच म्हणजे पोलादपूरचा शमुवेल. त्याच्याकडे मी नंतर येतेच.

"एसटीला हात दाखवतोस तेव्हा पाटी वाचतोस ना?" सर म्हणत. "कुठून निघाली, कुठे चालली? मग वचनात बसताना का नाही वाचत? बोरिवली गाडीत चढतोस आणि म्हणतोस मला पोलादपूरला सोडा!"

त्यांनी ते स्वतःच्या अंगी बाणवलं होतं, हीच तर अडचण. आमच्या घरासमोरच थांबा आहे. पण सर कुठेही जायचं झालं की आधी उलट दिशेने डेपोपर्यंत चालत जात आणि गाडीत पहिल्यापासून बसत. गाडी मग आमच्या दारावरून जाई आणि थांब्यावर उभ्या असलेल्या आम्हा मंडळींना सर खिडकीतून हात करत. जागा मात्र कुणासाठीही धरलेली नसे. ते त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

मंडळीची सहल एकदा रायगडला नेली होती. पायथ्याशी हिरकणीवाडीत एका बाईच्या टपरीवर भजी घेतली. सगळ्यांची खाऊन झाली, रोपवेची रांग धरायची वेळ झाली, तरी सर बाकावर बसून तेलकट कागद उजेडात धरून बघत होते. मग उठून त्या बाईकडे गेले.

"बाई, याचा उरलेला भाग आहे का? चोर सापडला का ते यात नाही."

तिने झारा थांबवून त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अवो गुरुजी, आमी भजी इकतो, बातमी नाय इकत."

"पण कागद तुमचाच ना?"

"घ्या मंग," म्हणून तिने अख्खा गठ्ठाच त्यांच्यापुढे टाकला. "गावला चोर तर मलापन सांगा." चोर गावला नाही. आमची रोपवेची पाळी मात्र गेली.

मंडळीचा व्हॉट्सॲप ग्रुप सुरू झाला तेव्हा मला खरी काळजी वाटली होती, आणि ती रास्तच होती. रोज सकाळी कुणीतरी गुलाबाच्या चित्रावर एक वचन टाकायचं. सर खाली तो संपूर्ण अध्याय स्वतःच्या आवाजात वाचून पाठवायचे. लोकांचे फोन भरले. 'सर, कृपया थोडक्यात' असं मी चिटणीस म्हणून लिहिलं. त्यांनी उत्तर दिलं, "गुलाब काढा, जागा होईल."

हसू यायचं खरं, पण रविवारच्या त्या पाऊण तासात कुणाच्या घरचं काय काय पणाला लागलेलं असायचं, हे मला हळूहळू कळत गेलं. एमआयडीसीत कामाला असलेल्या एका तरुणाला बायकोने नोकरी करू नये असं वाटत होतं. तो पौलाचं पत्र घेऊन उभा राहिला. पत्नींनो, पतीच्या अधीन असा. सर म्हणाले, "एक ओळ मागे जा." मागच्या ओळीत सगळ्यांनीच एकमेकांच्या अधीन राहावं असं होतं. "आता पुढे जा." पुढे नवऱ्यांसाठी जे लिहिलं होतं ते बायकांच्या वाट्यापेक्षा कितीतरी लांबलचक आणि अवघड निघालं. तो वाचता वाचता घामाघूम झाला. त्याची बायको रूथ मागच्या बाकावरून म्हणाली, "राहू द्या आता, दमलात. उद्याचा डबा तेवढा तुम्ही भरा." ती आज बिरवाडीला कामाला जाते.

पुराच्या साली आदिवासी वाडीला भांडी द्यायची ठरत होती. एकजण म्हणाला, गरीब तर कायम आपल्याजवळ असणारच, हे प्रभूनेच म्हटलंय, आपण कुठवर पुरणार? "पुढे वाच." पुढे होतं की तुमच्या मनात येईल तेव्हा तुम्ही त्यांचं भलं करू शकता. सरांनी हात वर केला आणि अगदी साधेपणाने विचारलं, "मग कधी येतंय मनात?" त्याच दुपारी मी भांड्यांची यादी केली.

आता शमुवेल.

त्याचं पोलादपुरात हायवेला लागून वडिलार्जित घर आणि पुढच्या अंगाला हार्डवेअरचं दुकान. त्याची मोठी बहीण शालिनीताई मुंबईला एका इस्पितळात नर्स होती. लग्न केलं नाही. निवृत्त होऊन ती गावी आली आणि मागच्या दोन खोल्यांत राहू लागली. शमुवेलला ते घर पाडून लॉज बांधायचा होता. त्यासाठी बहिणीचं हक्कसोडपत्र हवं होतं.

आमच्याकडे ही रीत इतकी मुरलेली आहे की माझ्या संगणकावर हक्कसोडीचा मसुदा कायम सगळ्यात वर असतो. बहिणीने नोंदणी कार्यालयात सही करायची, भावाने तिला साडी घ्यायची, बाहेर येऊन सगळ्यांनी उसाचा रस प्यायचा. हिंदूंकडे आहे आणि आमच्याकडेही आहे. प्रभूच्या मागे लागून आमच्या घराण्यांना चार पिढ्या झाल्या, कुलदैवतं सुटली, हक्कसोडीची साडी काही सुटली नाही. शमुवेलने तर साडी आधीच आणली होती, मोरपंखी.

शालिनीताईने ती उलगडूनही पाहिली नाही. "मला माझ्या दोन खोल्या हव्यात, नळासकट," ती म्हणाली. "तुझ्या लॉजमधली पाहुणी म्हणून नाय. माझ्या म्हणून. नायतर मी महाडला कोर्टात जाते."

कायद्याने बघायचं तर वाद नव्हताच. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं, मुलगा आणि मुलगी सारखेच वारस. आमच्या वकीलसाहेबांनी हे तिला दोन वाक्यांत सांगितलं. पण कायदा महाडच्या कोर्टात राहतो आणि शालिनीताईला राहायचं होतं पोलादपुरात, भावाच्या भिंतीला भिंत लावून, त्याच मंडळीत, त्याच बाकांवर. म्हणून प्रकरण रविवारी मंडळीपुढे आलं. मी कार्यक्रमपत्रिकेत 'एक घरगुती विषय' असं लिहिलं आणि पाऊण तास दिला.

शमुवेल तयारीने आला होता. पांढरा शर्ट, खिशाला पेन, बायबलात खुणेचा कागद. त्याने करिंथकरांस पहिलं पत्र उघडलं, सहावा अध्याय. आवाज चांगला होता त्याचा. विश्वासणाऱ्या भावाने भावाविरुद्ध बाहेरच्यांपुढे न्याय मागायला जावं, ही लाजेची गोष्ट आहे. दोन-तीन ठिकाणांहून "आमेन" आलं. शालिनीताई पदराची कड बोटाला गुंडाळत बसली होती.

"पुढे वाच," सर म्हणाले.

शमुवेलने पुढे वाचलं आणि त्याचा चेहराच उजळला, कारण पुढची ओळ त्याला आणखी सोयीची होती. त्यापेक्षा अन्याय सोसून का घेत नाही? नुकसान का पत्करत नाही? त्याने बहिणीकडे पाहिलं. "ऐकलंस ताय? मी नाय म्हनत, शास्त्र म्हनतंय." आणि पुस्तक मिटलं.

"हात वर केला का मी?"

"सर, झालं की आता."

"वाच रे शमू," शालिनीताई म्हणाली. "घाबरतोस काय?"

शमुवेलने वाचलं. पुढे पौल विचारत होता की सोसायचं सोडून तुम्हीच अन्याय करता, तुम्हीच लुबाडता, आणि तेही आपल्याच भावांना. वाचताना त्याचा आवाज खाली खाली येत गेला.

"ते भावांचं झालं," शमुवेल म्हणाला. "बहिणींचं काय लिवलंय?"

सरांना हेच हवं होतं. त्यांनी गणनेचं पुस्तक काढलं आणि त्या दिवशी पहिल्यांदाच कुणाला न लावता स्वतः वाचलं. सलाफहादच्या पाच मुली. बाप मेला, भाऊ नाही. त्या पाचजणी मोशेपुढे, याजकापुढे, सगळ्या मंडळीपुढे जाऊन उभ्या राहतात आणि म्हणतात, आमच्या बापाच्या भाऊबंदांबरोबर आम्हालाही वतन द्या. मोशे देवाला विचारतो. देव म्हणतो, मुली बरोबर बोलतात, द्या. सर असं वाचत होते की ती सभा जणू आमच्या पत्र्याच्या छपराखालीच भरली होती. शालिनीताई ताठ बसली. बायकांच्या बाकांवर हालचाल झाली. सरांनी हात वर केला.

"हात खाली घ्या, सर," शमुवेल म्हणाला.

"का?"

"पुस्तक संपलं नाय अजून. त्या पोरींचं पुढं काय झालं?"

मी सरांकडे बघत होते. एवढ्या वर्षांत मी त्यांना गडबडलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तुमीच माज्याकडून वाचून घेतलंय आख्खं," शमुवेल म्हणाला. "शेवटचा अध्याय. पुढे वाचा, सर."

सरांनी वाचलं. मघासारखं नाही, किराणा सांगितल्यासारखं. पुस्तकाच्या अगदी शेवटी त्याच मुलींच्या कुळातले वडीलधारे तक्रार घेऊन येतात: या पोरी दुसऱ्या वंशात लग्न करून गेल्या तर आमचं वतन त्यांच्याबरोबर जाईल. मग ठरतं, त्यांनी आपल्याच बापाच्या वंशात लग्न करावं. त्या तसं करतात. पुस्तक संपतं. या खेपेला सरांनी हात वर केला नाही, वर करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"म्हंजे," शमुवेल म्हणाला, "वतन घरातच ऱ्हायला पायजे. मी दुसरं काय म्हनतोय?"

"सर, ते परत एकदा सांगा," शालिनीताई म्हणाली. "त्यांना भीती कसली होती?"

"लग्नाची," सर कसेबसे म्हणाले. "लग्न होऊन जमीन दुसरीकडे जाईल, याची."

"आणि मी?"

कुणाच्या लगेच लक्षात आलं नाही. ती उभी राहिली.

"अरे शमू, साठी झाली माझी. आता कोण नेणार मला दुसऱ्या वंशात? या लग्नाला यायचं हं म्हणून पत्रिका छापायची का?" आधी रूथ हसली, मग सगळा हॉल. शालिनीताई हसली नाही. "मी गेल्यावर त्या खोल्या तुझ्या पोरांच्याच आहेत, मी काय बरोबर नेते? पण मी असेपर्यंत माझ्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खाटा लावल्या रे मी. एक दार मला आतून माझं म्हणून लावायचंय. वतन घरातच राहतंय, मीपण त्याच घरातली हाय."

शमुवेल पुस्तकाकडे बघत राहिला, जणू अजून एखादं पान असेल. पान नव्हतं. "बघू," तो म्हणाला, आणि चहा न घेता गेला. त्या दिवशी चहा पहिल्यांदा वेळेवर तयार होता.

घरी येताना सर जिन्यात थांबले. "चिटणीस, मी आज हात लवकर वर केला."

"बरं केलंत," मी म्हणाले.

"मला शेवट माहीत होता. तिचं नुकसान होईल म्हणून थांबलो. एवढी वर्षं लोकांना जे करू दिलं नाही, ते केलं." मग दोन पायऱ्या चढून, "आणि वाचला असता तर तो शेवट तिच्याच बाजूचा होता. मला दिसलाच नाही. तिला दिसला." त्या संध्याकाळी आमच्याकडून वर गेलेलं जेवण त्यांनी परत पाठवलं. ताटाखालची वर्तमानपत्राची घडीसुद्धा न वाचता.

'बघू'चं उत्तर यायला पावसाळा उलटला. एके दिवशी शमुवेल माझ्या टेबलापुढे येऊन उभा राहिला. त्याच्यासाठी केलेला हक्कसोडीचा मसुदा मी मधल्या काळात पुसला नव्हता. काम अर्धं ठेवायची मला सवय नाही. "तो नको," तो म्हणाला. "वाटणीपत्र कर. दोन खोल्या. नळ पन लिव, नायतर सर पुढं वाचायला लावतील."

नोंदणी कार्यालयात साक्षीदार म्हणून सही करायला सर आले, अर्थातच डेपोवरून. सही करण्याआधी त्यांनी वाटणीपत्र वाचलं, चतुःसीमा वाचल्या, स्टँपपेपरची मागची बाजू वाचली आणि भिंतीवरच्या सूचनाही वाचल्या. रांगेतली माणसं जेवून आली. शेवटी शमुवेलने सही केली, तशी शालिनीताईने पिशवीतून कागदात गुंडाळलेलं कापड काढलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. निळं शर्टपीस होतं.

"हे काय गो, ताय?"

"सही करणाऱ्याला कापड मिळतं ना? रीत हाय आपली."

नोंदणीचा कारकूनसुद्धा हसला. उसाचा रस शमुवेलनेच पाजला, जरा तोंड वाकडं करून.

शालिनीताईच्या दोन खोल्यांच्या गृहप्रवेशाच्या प्रार्थनेला आम्ही सगळे पोलादपूरला गेलो. शमुवेलने भेट म्हणून तसबीर आणली होती, सोनेरी चौकटीतली, सगळ्या ख्रिस्ती घरांत असते तीच: मी आणि माझं घराणं तर परमेश्वराचीच सेवा करणार, असं यहोशवा म्हणतो ती. खाली गुलाब. सर तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. सरांनी तोंड उघडायच्या आत शमुवेलने तसबीर खिळ्यावरून काढली आणि उलटी करून त्यांच्या हातात दिली.

मागच्या पुठ्ठ्यावर त्याने पुढचं सगळं स्वतःच्या अक्षरात लिहून काढलं होतं. लोक म्हणतात, आम्हीपण सेवा करू. यहोशवा म्हणतो, तुम्हाला जमायचं नाही. लोक म्हणतात, जमेल. दुकानातल्या मार्करचं जाडं अक्षर, खाली जागा पुरेना म्हणून शेवटच्या ओळी कडेकडेने फिरवलेल्या. सर चौकट गोल फिरवत वाचत गेले. शेवटची ओळ होती: मग यहोशवाने लोकांना आपापल्या वतनात पाठवलं.

सरांनी मान वर केली. "अध्याय इथे संपत नाही, शमुवेल."

"म्हाईत हाय, सर. पुढं सगळे मरतात. घरभरनीला तेवढं नको."

सरांनी त्याच्याकडे पाहिलं, शालिनीताईच्या नळाकडे पाहिलं, आणि हात वर केला.

आता सर नाहीत. वरच्या मजल्याला मी रंग दिला, फ्रीजवरची यादी काढली, तिच्या जागी गॅसचा नंबर लावला. पोलादपूरला गेले की शालिनीताईकडे चहा घेते. तिच्या खोलीत ती तसबीर पुठ्ठ्याची बाजू बाहेर करून टांगलेली आहे. नवा पाहुणा विचारतोच, उलटी का लावलीय?

"सरळ बाजू सगळ्यांच्याच घरात हाय," ती म्हणते, आणि त्याच्यासाठी खुर्ची तसबिरीजवळ सरकवते.